सिस्टरच्या घरासाठी चार महिने

सप्रेम नमस्कार मंडळींनो,

इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीच्या वतीनं हे आवाहन करते आहे. आपल्यातल्या एका घराला फेब्रुवारी ते मे २०२६ असे चार महिने आपली गरज आहे. घर कुणाचं, हे इथल्या बहुतेकांना दोन ओळींत कळेल. नाव मात्र कुठं लिहायचं नाही, ही तिची अट आहे. आपण सगळे तिला सिस्टर म्हणतो, तसंच इथंही म्हणू.

सिस्टरला गेल्या जूनमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. जुलैत ऑपरेशन झालं आणि सप्टेंबरपासून दर तीन आठवड्यांनी केमो चालू आहे. शेवटची केमो या जानेवारीच्या अखेरीस आहे. त्यानंतर रेडिएशन. सगळं नीट झालं तर जूनमध्ये कामावर जाता येईल, असं डॉक्टर म्हणतात. ती जिथं नर्स आहे त्या नर्सिंग होमनं, म्हणजे इथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहानं, तिची जागा राखून ठेवली आहे.

भारतातल्या नातेवाइकांना हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "तिकडं तर उपचार फुकट असतात ना?" हो, असतात. हेल्थ अँड केअर व्हिसावर, म्हणजे नर्ससारख्यांना मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर, आलेल्यांना एनएचएससाठीचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा, आरोग्य अधिभारही भरावा लागत नाही, आणि कॅन्सरच्या रुग्णांना इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरची औषधंही मोफत मिळतात. हॉस्पिटलच्या बिलासाठी आम्ही एक पेनीही मागत नाही. अडलंय ते घर चालवण्यापाशी. आजारपणात कायद्यानं मिळणारा पगार, ज्याला इथं एसएसपी म्हणतात, तो २०२५-२६ च्या दरानं आठवड्याला ११८.७५ पौंड आहे. तोही जास्तीत जास्त २८ आठवडे. सिस्टरचे २८ आठवडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतात. तिच्या व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट आहे, त्यामुळं युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारा सरकारी भत्ता), घरभाड्याची मदत, मुलांचा भत्ता यांतलं काही मागता येत नाही. कर मात्र पहिल्या पगारापासून कापला जातोय. तिनं भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी विम्याच्या वर्गणीवर, आजारपणाचा भत्ता मागायचा तेवढा हक्क आहे. तो अर्ज आपण तिच्याबरोबर बसून भरला. मंजूर झाला तरी २०२५-२६ च्या दरानं सुरुवातीला आठवड्याला ९२.०५ पौंड मिळतील. एवढ्यात भाडं भागत नाही.

सिस्टर मिरजेची. मिरज हे दवाखान्यांचं गाव. बेळगाव-विजापूरकडचेही पेशंट तिथं येतात. तिच्या घरच्यांच्या तीन पिढ्या मिशनच्या चर्चमध्ये जाणाऱ्या, आणि त्या घरांतल्या मुली नर्सिंगला जाणं ही तिथली जुनी रीत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली उभ्या केलेल्या मिशन हॉस्पिटलात तिनं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला. वडील रिक्षा चालवायचे. त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा ती २२ वर्षांची होती. धाकटा भाऊ दहावीत, बहीण अजून प्राथमिक शाळेत. तेव्हापासून त्या घराचा पगार म्हणजे हिचा पगार. आधी पुण्यात, लग्नानंतरही, आणि आता इथून.

इकडं यायचं ठरवलं ते भावाच्या शिक्षणाचं कर्ज आणि स्वतःची दोन मुलं असं दोन्ही मिळून भागेना म्हणून. एका एजंटनं तिच्याकडून साडेतीन लाख रुपये घेतले. इथल्या भरतीच्या आचारसंहितेप्रमाणे नर्सकडून असे पैसे घ्यायचेच नसतात. हे तिला इथं आल्यावर कळलं, तोवर आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे. तुमच्या ओळखीतली कुणी नर्स निघायच्या तयारीत असेल तर तिला हे आजच सांगा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ती एकटी आली. इथल्या नर्सेसच्या रजिस्टरवर नाव लागण्यासाठी ऑस्की नावाची परीक्षा द्यावी लागते. दहा टेबलं, प्रत्येक टेबलावर एक काम, आणि जे करतोय ते परीक्षकासमोर मोठ्यानं बोलत करायचं. सरावाला समोर पेशंट हवा. सिस्टरनं आपल्या आठ वर्षांच्या लेकीला पेशंट केलं. मिरजेत ती पोरगी रात्री खाटेवर आडवी व्हायची, आजोबांच्या काठीला मोबाइल बांधलेला, आणि आई इथल्या खोलीतून विचारायची, "मे आय चेक युवर नेम अँड डेट ऑफ बर्थ, प्लीज?" पोरगी रोज नवीन दुखणं सांगायची. पहिल्या खेपेला दोन टेबलांवर सिस्टर नापास झाली. दुसऱ्या खेपेला नॉर्थॅम्प्टनहून पास होऊन आली, ती थेट आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, अंगात कोट तसाच.

नवरा आणि मुलं २०२३ मध्ये आली. तिनं रात्रपाळ्या मागून घेतल्या, कारण रात्रपाळी करून आलं की मुलांना शाळेत सोडता येतं आणि परत आणताही येतं. मधे झोपायची ती चार तास. नाताळात आपल्या प्रत्येक घरी तिच्या करंज्या आणि शंकरपाळ्या पोचल्या आहेत. गणपतीत आरतीला ती मागं उभी राहून टाळ्या वाजवायची आणि नंतर भांडी घासायला सगळ्यांच्या आधी. एजंटपायी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या मे महिन्यात फिटला. जूनमध्ये हे निदान.

तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक वही असते. पुढच्या पानांवर तिच्या अक्षरात दर महिन्याचं मिरजेचं: बाबांची औषधं, बहिणीची फी, लाइट बिल, चर्चची वर्गणी. सप्टेंबरपासूनच्या पानांवर लेकीचं अक्षर आहे. सकाळ ३६.८, संध्याकाळ ३७.१. केमोच्या दिवसांत ताप आला तर वाट न बघता हॉस्पिटलच्या नंबरवर फोन करायचा असतो, आणि बाबा कामावर असताना तो कसा करायचा, काय सांगायचं, हे सिस्टरनं लेकीला पाठ करून घेतलंय. पोरगी आता ११ वर्षांची आहे. ती वही पाहिल्यावर मी कार्यकारिणीची बैठक बोलावली.

हिशेब असा आहे. घरभाडं महिना १,१०० पौंड, गॅस-वीज या थंडीत २०० पौंड, मिरजेला १५० पौंड. चार महिन्यांचे मिळून ५,८०० पौंड. नवरा गोदामात काम करतो. मुलांसाठी त्यानं पाळ्या कमी केल्यात, आणि त्याच्या पगारात जेवणखाण आणि बाकीचं भागतं. मिरजेचा आकडा सिस्टर खोडायला निघाली होती. "काकू, ते माझं मी बघते, लोकांच्या पैशातनं नको," म्हणाली. आम्ही तो ठेवलाय. बहीण तिथं नर्सिंगच्याच शेवटच्या वर्षाला आहे, तिची फी आत्ता अडू द्यायची नाही.

मंडळानं राखीव निधीतून १,००० पौंड दिले आहेत. उरलेल्या रकमेसाठी मंडळाच्या नेहमीच्या खात्यावर पैसे भरा आणि संदर्भात 'सिस्टर' एवढंच लिहा. पाच पौंडही चालतील. भाडं दर महिन्याला खजिनदार थेट घरमालकाला देतील आणि जमाखर्च प्रत्येक मासिक सभेत वाचला जाईल. जास्त जमले तर ते पुढच्या नर्सच्या अडचणीसाठी वेगळे ठेवू.

मिरज-सांगलीत तुमचं कुणी असेल तर एक काम आहे. सिस्टरच्या वडिलांना महिन्यातून एकदा तपासणीला नेऊन आणायला माणूस हवाय. भाऊ नोकरीसाठी हैदराबादला असतो. माझ्याकडे नाव द्या.

डबा देणाऱ्यांसाठी: तिखट नको, तोंड आलेलं असतं. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, नाचणीची खीर चालते. त्याच दिवशी केलेलं, गरम. सर्दी-खोकला असेल तर डबा दाराशी ठेवून निघा, आत जाऊ नका. भेटायला गेलात तर "किती वाळलीस गं" म्हणू नका.

शाळेतून मुलांना आणण्याची यादी लावली आहे. सोमवार, बुधवार आणि गुरुवार भरलेत. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी सव्वातीन, अजून रिकामे आहेत.

आपली,
चिटणीस, कार्यकारिणीच्या वतीनं