फ्रेंच ब्रंच: क्रम चुकला की चव गेली

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

खाद्यसदरांमध्ये हल्ली ब्रंचवर, म्हणजे नाश्ता आणि दुपारचं जेवण एकत्र करणाऱ्या खाण्यावर, बरंच लिहून येतं. जागा कशी सजवली आहे, बशीवर फुलं कशी मांडली आहेत, हे सगळं त्यात असतं. पण ऑम्लेट आतून ओलसर होतं की कोरडं, हॉलंडेज सॉस एकजीव होता की फुटलेला, याबद्दल चकार शब्द नसतो. मग दोन मैत्रिणी फ्रेंच रेस्तराँत जातात, चार पदार्थ एकदम मागवतात, गप्पांच्या नादात ते निवतात आणि ‘फ्रेंच खाणं म्हणजे नुसतं अंडं नि लोणी’ असा शेरा मारून उठतात. हा त्या खाण्यावर सरळसरळ अन्याय आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुळात ब्रंच हा शब्द फ्रेंच नाही. तो 1895 मधल्या एका इंग्रजी लेखातून रूढ होत गेला. फ्रान्समधला रोजचा नाश्ता अगदी आटोपशीर: पाव, लोणी, जॅम, कॉफी, फार तर एखादा क्रोसाँ. त्यामुळे ब्रंचच्या कार्डावर जे दिसतं ती कॅफेतलं दुपारचं खाणं, बेकरीतला माल आणि बाहेरून आलेले अंड्याचे पदार्थ यांची सरमिसळ असते. एग्ज बेनेडिक्ट (पावावर हॅम, पोच केलेलं अंडं आणि वर हॉलंडेज) अमेरिकेतलं, त्यावरचा सॉस तेवढा फ्रेंच. कार्डावरचे दोन-तीन शब्द मात्र माहीत हवेत. ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ नव्हे. मुख्य तो ‘प्ला’. ‘फॉर्म्यूल’ म्हणजे ठरावीक किमतीत ठरावीक पदार्थांचा संच.

आता मुख्य मुद्दा. या कार्डावरच्या प्रत्येक पदार्थाला किती वेळ थांबता येतं, ते ठरलेलं आहे. ते ओळखून मागवलं तरच चव हाती लागते.

सगळ्यात उतावळं ऑम्लेट. तीन अंडी, साधारण 15 ग्रॅम लोणी, 20 सेंटिमीटरचा पॅन आणि जेमतेम मिनिटभराचं काम. बाहेरून फिकट पिवळं, एकही तपकिरी डाग नाही, आत मऊ आणि नुकतंच धरू लागलेलं, असं ते हवं. डाग दिसला तर पॅन जास्त तापला होता. बशीत आल्यावरही आतल्या उष्णतेने ते शिजतच राहतं. पाच-सात मिनिटं फोटो काढण्यात गेली की खाली पाणी सुटतं आणि घास चिवट लागतो. आतला ओलसरपणा नको असेल तर मागवतानाच ‘पूर्ण शिजवलेलं’ असं सांगावं. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तर ते सांगायलाच हवं.

हॉलंडेजबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ब्रंच बिघडतो तो बहुतेक इथेच. तीन बलक, सुमारे 200 ग्रॅम लोणी आणि थोडा लिंबाचा रस, बस्स. बलकातलं लेसिथिन वितळलेल्या लोण्याचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतं, म्हणून सॉस घट्ट आणि तुकतुकीत होतो. लोणी घाईने ओतलं तर हे थेंब एकमेकांत मिसळून स्निग्धांश वेगळा होतो. तापमान 70 अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेलं तर बलक गोठून दाणे पडतात, आणि सॉस गार झाला तर लोणी थिजतं आणि पुन्हा गरम करताना तो फुटतो. म्हणून तो कोमटच राखावा लागतो. पण कोमट अंड्यात जंतूही झपाट्याने वाढतात, त्यामुळे दोन तासांच्या वर तो ठेवू नये. सकाळी केलेला सॉस दुपारी दोनपर्यंत पुरवायचा हा प्रकार सर्रास चालतो, तो चुकीचा आहे. बशी समोर आली की कडेला पाहा: पिवळ्या तेलाची रेघ दिसली तर सॉस फुटलेला आहे. तो निःसंकोच परत पाठवा. स्वयंपाक्याला फार कष्ट नाहीत. ताज्या बलकात फुटलेला सॉस चमचा-चमचा घालून फेटला की तो पुन्हा जमून येतो.

बेनेडिक्टमध्ये सॉसखालचं पोच केलेलं, म्हणजे गरम पाण्यात फोडून शिजवलेलं अंडं तीन-चार मिनिटांत होतं. पांढरं घट्ट आणि बलक वाहता असावा. पाव भिजून लिबलिबीत झाला असेल तर अंडं पाण्यातून काढल्यावर निथळलं नव्हतं. बेनेडिक्टमध्ये बहुधा दोन अंडी असतात, तेव्हा दोघींना एक बशी नीट वाटून घेता येते. ऑम्लेटचं तसं नाही. ते अर्धं कापलं की आतला ओलसर भाग बाहेर पडून लगेच निवतो.

क्रोसाँ आधी मागवावा, कॉफीबरोबर. भट्टीतून तो सकाळी लवकर निघतो आणि दुपारपर्यंत मऊ पडतो, म्हणून अकराला गेलेल्यांचा फायदा. लोण्याचा थर पिठात गुंडाळून तीन साध्या घड्या घातल्या की लोण्याचे 27 पदर होतात. चांगला क्रोसाँ हातात हलका लागतो, तोडला की चुरा उडतो आणि आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. तळ तुपकट असेल तर पीठ फुगत असताना जागा जास्त उबदार होती आणि लोणी वितळून गेलं. मधला गाभा दाट असेल तर पीठ पुरतं फुगलंच नव्हतं. चिवट लागला तर तो बहुधा मायक्रोवेव्हमधून आला आहे. त्याला 150 ते 160 अंशांच्या ओव्हनमध्ये पाचेक मिनिटं हवी होती. फ्रान्समध्ये लोण्याचा क्रोसाँ सरळ आणि मार्गारीनचा चंद्रकोरीसारखा वळवायचा रिवाज आहे. बाहेर तो कुणी पाळेलच असं नाही, तेव्हा विचारावं.

ज्यांना पोटभर बोलायचं आहे त्यांनी किश, म्हणजे अंडं-दुधाचं सारण भरून भाजलेली खारी पाई, मागवावी. हा एकच पदार्थ थांबण्याने बिघडत नाही, उलट ओव्हनमधून काढल्यावर वीस मिनिटं विसावला की कापायला नीट येतो. साधारण एका अंड्याला 120 मिलिलिटर दूध-क्रीम हे प्रमाण, आणि मध्यभाग किंचित थरथरत असतानाच बाहेर काढायची. आत बारीक भोकं आणि पाणी दिसलं तर ती जास्त भाजली. तळ ओला असेल तर पारी आधी रिकामी भाजून घेतलेली नाही. क्रोक मस्यू, म्हणजे हॅम-चीजचं भाजलेलं सँडविच, मात्र गरमच खावं, कारण त्यातलं बेशामेल (मैदा-दुधाचा पांढरा सॉस) आणि चीज निवलं की घट्ट गोळा होतो. वर तळलेलं अंडं असेल तर ते क्रोक मादाम.

शाकाहारी मंडळींनी ‘हॅम काढा’ एवढ्यावर थांबू नये. किश लोरेनमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, कांद्याच्या सूपमध्ये बहुधा गोमांसाचा अर्क असतो, तापनादमध्ये (ऑलिव्हच्या चटणीत) अँकोव्ही मासा. ग्रुयेर आणि कॉम्ते ही चीज परंपरेने वासराच्या रेनेटनेच (जठरातल्या, दूध गोठवणाऱ्या घटकाने) होतात. थंड गोडात प्राण्यांपासून मिळणारं जिलेटीन असू शकतं. ब्रिटनी प्रांतातलं गालेत (पातळ धिरडं) बकव्हीटचं, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं आणि मूळचं ग्लुटेनविरहित (गव्हातलं प्रथिन नसलेलं), पण लवचिकपणासाठी काही ठिकाणी त्यात मैदा मिसळतात. ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांनी ते आधी विचारून घ्यावं.

दोघींसाठी माझी शिफारस अशी: आधी कॉफी आणि एक क्रोसाँ. तो संपत आला की बेनेडिक्टची एक बशी मधोमध. नंतर किशचा एक तुकडा आणि हिरवं सॅलड, ज्याच्या व्हिनेग्रेतमध्ये तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर असतं. ते आंबटपण लोण्याचा जडपणा उतरवतं, म्हणून सॅलड टाळू नये. अंड्याचे तीन पदार्थ पाठोपाठ नकोत. गोड हवंच असेल तर एक पां पेर्द्यू (अंडं-दुधात बुडवून भाजलेला पाव) दोघींत. त्याला शिळा ब्रियोश, म्हणजे लोणी-अंड्याचा मऊ पाव लागतो, ताजा अंडं-दुधात विरघळून जातो. हे सगळं ‘एकामागून एक आणा’ असं पहिल्यांदाच सांगावं लागतं. न सांगता स्वयंपाकघर तयार होईल तसं पाठवतं, त्यात त्यांची चूक नाही.

प्रत्यक्ष फ्रान्समध्ये असाल तर नुसतं ‘कॅफे’ म्हटलं की एस्प्रेसो येतो, दुधाची हवी तर ‘कॅफे क्रेम’ म्हणावं. ‘काराफ दो’ मागितलं की नळाचं पाणी विनामूल्य मिळतं आणि सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो.

रेस्तराँचालकांना आपल्या पत्रातून एक विनंती पोहोचावी. क्रोसाँत लोणी आहे की मार्गारीन, चीजमधलं रेनेट प्राणिज आहे का, हॉलंडेज किती वाजता केला, एवढ्या तीन गोष्टी रोज फळ्यावर खडूने लिहायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.

आपला,
एक वाचक