कोलारची खाण लेखातून का गळाली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निसर्गातली सगळी बलं एकाच थिअरीत बसवायच्या प्रयत्नांवर रविवारच्या पुरवणीत पानभर लेख आला, वाचून खूप बरं वाटलं. आईनस्टाईन आयुष्याची शेवटची तीस वर्षं याच्या मागे होते, १९५५ मध्ये प्रिन्स्टनला हॉस्पिटलात असतानाही त्यांनी आकडेमोडीचे कागद मागवून घेतले, हे सगळं छान आलंय. पण लेख तिथून जो उठला तो थेट स्ट्रिंग थिअरीवर (सगळे कण म्हणजे बारीक कंपणारे तंतू, ही कल्पना), आणि मधे आपल्या लोकांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत प्रोटॉन फुटतो का हे बघायला जे केलं ते पार गळालं, म्हणून हे पत्र.

१९७९ चं नोबेल ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना मिळालं ते दोन बलं, विद्युतचुंबकीय आणि वीक (काही किरणोत्सारामागचं बल), एकत्र आणल्याबद्दल. त्याआधीच, १९७४ च्या आसपास, मूळचे ओडिशाचे जोगेश पती आणि सलाम यांनी, आणि वेगळ्या वाटेने जॉर्जाय आणि ग्लॅशो यांनी त्यात स्ट्राँग बलही (अणूचं केंद्र बांधून ठेवणारं) ओढायचा प्रयत्न केला. त्यात एक गोष्ट निघाली, क्वार्क (प्रोटॉन ज्यांचा बनतो ते कण) आणि इलेक्ट्रॉन एकाच कुटुंबातले असतील तर एकाचं दुसऱ्यात रूपांतर होऊ शकतं, म्हणजे ज्या प्रोटॉनला आपण शाळेत कायमचा समजतो तोही कधीतरी फुटणार! जॉर्जाय-ग्लॅशोंच्या हिशोबाने सरासरी आयुष्य साधारण एकावर ३१ शून्य इतकी वर्षं, विश्वाचं वय त्यापुढे काहीच नाही. मग एवढं थांबणार कोण? तर थांबायचं नाही, प्रोटॉनच ढिगाने गोळा करायचे. १४० टन लोखंडात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून जवळपास आठावर ३१ शून्य इतके होतात, म्हणजे थिअरी खरी असेल तर वर्षाला निदान काही प्रोटॉन फुटताना दिसायलाच हवेत.

तेवढंच लोखंड टीआयएफआरच्या, म्हणजे आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत २३०० मीटर खाली नेऊन रचलं, मधे मधे कण टिपणाऱ्या काउंटरचे थर. एवढ्या खाली कशाला, तर अवकाशातून सतत पडणारे कॉस्मिक किरण खडकाने अडवावेत म्हणून, नाहीतर खरं सिग्नल त्या गोंगाटात हरवतं. ही जागा नवखी नव्हती, १९६५ मध्ये इथेच वातावरणातले न्यूट्रिनो (कशालाही सहसा न अडणारे अतिसूक्ष्म कण) पकडले होते. १९८० नंतर इथे प्रोटॉन फुटल्यासारख्या काही घटना दिसल्याही, जगभर चर्चा झाली. पण अमेरिकेतल्या मिठाच्या खाणीतल्या आणि जपानमधल्या कामिओकाच्या पाण्याच्या टाक्या कितीतरी मोठ्या होत्या, त्यांना काहीच मिळालं नाही आणि कोलारचा दावा टिकला नाही.

मला विचाराल तर इथेच खरी गोष्ट सुरू होते. काहीच न दिसल्यामुळे जॉर्जाय-ग्लॅशोंची सगळ्यात साधी, देखणी थिअरी बाद झाली, आणि हे काम कुठल्या कागदावरच्या गणिताने केलं नसतं. ही बलं जिथे एक होतील ती ऊर्जा युरोपातल्या सर्नच्या कण आदळवणाऱ्या मशीनच्याही हजारो कोटी पट वर आहे, तिथे मशीन बांधून पोचता येणार नाही, म्हणून प्रोटॉनची वाट बघणं ही एक मोठी आशा. आज कामिओकाच्याच नव्या टाकीचं, सुपर-कामिओकांदेचं, ५० हजार टन पाणी सांगतंय की प्रोटॉन फुटत असलाच तर आयुष्य एकावर ३४ शून्यांपेक्षाही जास्त आहे. प्रोटॉनसाठीच बांधलेल्या तिथल्या आधीच्या टाकीने १९८७ च्या सुपरनोव्हाचे (फुटलेल्या ताऱ्याचे) न्यूट्रिनो पकडले आणि त्यावर नोबेल मिळालं, त्याचं कौतुक आपण वाचतोच की.

कोलारची खाण २००१ ला बंद झाली, त्याआधीच प्रयोगही थांबले होते. आजच्या मुलांना हे नावही माहीत नसतं. तेव्हा एक विनंती आहे, लेखाचा दुसरा भाग काढणार असाल तर कोलारला पूर्ण पान द्या आणि तिथे खाली उतरून शिफ्टा केलेल्या लोकांपैकी जे कोणी भेटतील त्यांच्याशी बोलून लिहा, त्यांच्या वयाकडे बघता लवकर बोला.

आपला,
एक नियमित वाचक, अंबरनाथ