क्वाड बाईकचा रेसचा स्क्रू पिळण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

किनाऱ्यावर क्वाड बाईकचा, म्हणजे वाळूत फिरवायच्या चार चाकी बाईकचा, अपघात झाला की हेल्मेट, वेग आणि चालवणाऱ्याची बेफिकिरी यांवर बोलले जाते. बोलायलाच हवे. पण या गाड्या दुरुस्त करणारा माणूस म्हणून मला गाडीतल्या एका दोषाविषयी लिहायचे आहे. अंगठा थ्रॉटलवर, म्हणजे रेस द्यायच्या कळीवर, नसतानाही काही गाड्या पुढे सरकतात. लहान मुलाला पुढे बसवून फोटो काढणाऱ्या आईबापांना याची कल्पनाही नसते.

फ्युएल इंजेक्शनच्या क्वाडमध्ये थ्रॉटल बॉडीला एक छोटा सेन्सर असतो, थ्रॉटल पोझिशन सेन्सर. हवेची झडप किती उघडली, हे तो ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, व्होल्टेजमधून सांगतो. त्याला पाच व्होल्ट मिळतात. झडप बंद असताना तो साधारण अर्धा ते पाऊण व्होल्ट परत देतो, पूर्ण उघडली की चारच्या आसपास. आमच्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिनांना हिरवा गंज धरतो, आणि सेन्सरच्या आतला पट्टा सुरुवातीच्या टोकाला झिजतो, कारण गाडी जास्त वेळ तिथेच चालते. मग ती स्लोला बंद पडू लागते. हंगामात गिऱ्हाईक ताटकळत असते, म्हणून कोणीतरी कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांच्या सवयीने रेसचा स्क्रू, म्हणजे स्लोचा वेग कमीजास्त करणारा स्क्रू, पिळतो. त्याने झडपच किंचित उघडी राहते आणि सेन्सरचे माप सरकते. गाडी बंद पडायची थांबते खरी, पण आरपीएम, म्हणजे इंजिनच्या फिरण्याचा वेग, इतका चढतो की बेल्ट ड्राइव्हचा क्लच आपणहून पकड घेतो.

हे काम साध्या मल्टिमीटरने होते. आधी केबलला ढील आहे का बघा आणि थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करा. इंजिन बंद, चावी ऑन. रेसचा स्क्रू मागे घेऊन झडप पूर्ण मिटू द्या. वायरला टोचू नका, टोचलेल्या जागेतून ओल शिरते. कनेक्टरच्या मागून मीटरची पिन लावा. सेन्सरचे स्क्रू सैल करून तो केसभर फिरवत सर्व्हिस मॅन्युअलमधला व्होल्टेजचा आकडा आणा, स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना तो हमखास हलतो. त्यानंतरच आयडलिंगचा, म्हणजे स्लोला चालतानाच्या आरपीएमचा, आकडा रेसच्या स्क्रूने लावा. शेवटी थ्रॉटल सावकाश दाबत न्या. व्होल्टेज मध्येच गचका खात असेल तर सेन्सर बदलण्याला पर्याय नाही. काही नव्या मॉडेलांत सेन्सर फिरवता येत नाही, तिथे झडप बंद असतानाचे माप ईसीयूला स्कॅनर जोडूनच शिकवावे लागते.

अडचण त्या आकड्याचीच आहे. तो मॉडेलप्रमाणे बदलतो आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, जे किनाऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत पोहोचतच नाही. अंदाजाने सेटिंग करणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांच्या हातात दुसरे काही दिलेलेच नाही. विक्रेत्यांनी झडप बंद असतानाचा आणि आयडलिंगचा असे दोन्ही आकडे मराठीत छापून सीटखाली चिकटवावेत, एवढी माझी मागणी आहे. आयटीआयच्या मेकॅनिक अभ्यासक्रमात ही मोजणी प्रत्यक्ष गाडीवर करून घ्यावी. आणि राइडचा धंदा करणाऱ्या बंधूंनी रोज सकाळी पहिले गिऱ्हाईक घेण्याआधी सपाट वाळूवर गाडी सुरू करून, गिअर टाकून, ब्रेक सोडून पाहावा. सरकली तर ती गाडी त्या दिवशी उभीच ठेवावी.

आपला,
एक गॅरेज मेकॅनिक,
नागाव, ता. अलिबाग, जि. रायगड