लिंबाचं रोप परत रांगेत ठेवणाऱ्या काकांना

काका,
स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात ‘साई सरबतीच द्या, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं वाण’ म्हणून तुमच्या नर्सरीत अडून बसले होते, ती मी. त्या गर्दीत लक्षात राहिले नसेन. रोप पिशवीत घालता घालता तुम्ही विचारलंत, “ऊन किती तास?” मग, “पाणी कुठं साचतं?”

आमची जागा म्हणजे पुण्यातल्या तळमजल्यामागची बोळ. सकाळी दीडेक तास कोवळं ऊन, मग दिवसभर इमारतीची सावली, आणि पावसाळ्यात गच्चीच्या पाइपाचं पाणी तिथंच उतरतं. हे ऐकलंत आणि रोप परत रांगेत ठेवलंत. लिंबाला निदान सहा तास ऊन लागतं, बागेत दोन झाडांत सहा मीटर सोडतात, मुळाशी पाणी तुंबलं की डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) होतो. “जगेलही, पण लिंबं धरणार नाही,” म्हणालात. आधी दुसऱ्या एका ठिकाणी ‘कुठंही लावा, येतो’ म्हणत मला चिकू गळ्यात मारला होता, म्हणून हे आभार चारचौघांत मानतेय.

वर्तमानपत्रात गुंडाळून तुम्ही सोनटक्क्याचे कंद दिलेत. आल्याच्याच कुळातला, त्यामुळे कापलेल्या बाजूला वासही तसाच. डोळा वर, दोन-तीन बोटं माती, ओल कायम. “अगदी काळोख्या कोपऱ्यात नको, पानं येतील नुसती. आणि फुलून गेलेला दांडा बुडातून कापायचा ताई, तो परत फुलत नाही.”

श्रावणात पहिला तुरा आला. हिरव्या खवल्यांतून लांब, मिटलेली कळी पुढं सरकते, संध्याकाळी पांढरी फुलते आणि वास थेट स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी फूल मलूल होतं, पण त्याच तुऱ्यातून पुढची कळी डोकावत असते. दसऱ्यापर्यंत हेच चाललं होतं. थंडीत पानं पिवळी पडली तेव्हा जरा धास्तावले, पण उन्हाळ्यात पाणी चालू ठेवल्यावर नवे कोंब आले.

सासूबाईंचं मात्र अजून समाधान नाही. “लोणचं काय फुलांचं घालू?” असं विचारतात (अंबाड्यात पहिलं फूल त्यांच्याच). मला विचाराल तर लिंबं मंडईत मिळतात, दारातला सोनटक्का मिळत नाही.

गड्डा आता चांगलाच पसरलाय, पावसाच्या तोंडावर फोडावा लागेल. शेजारणींना देऊनही कंद उरतील. तुम्हाला हवे असतील तर पिशवीभर आणून देते, पैसे विचारू नका.

आपली,
बोळीतली ताई