दव नव्हतं ते

सातारा, रविवार रात्र

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू म्हणालीस, "बाबा, सकाळी गाडी चालू केली की आत कुणीतरी केकाटतं." मी म्हणालो, दव पडलंय, पाच मिनिटांत थांबेल. थांबायचंही. त्यामुळे मी शहाणा ठरलो आणि विषय मिटला.

परवा तुला पुण्याला सोडून येताना खंबाटकीच्या चढाला तेच सुरू झालं. भर दुपारी, ऊन रणरणत असताना. एसी बंद केला, आवाज गप्प. लावला, पुन्हा सुरू. एसीच्या कॉम्प्रेसरचा भार आला की इंजिनवरचा रबरी पट्टा पुलीवर घसरत होता.

आज सकाळी अंगणात बॉनेट उघडलं. इंजिन गार, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली आणि किल्ली माझ्या खिशात (तुझी आई "जरा चालू करून बघू का" म्हणणाऱ्यांतली). आपल्या गाडीला दोन पट्टे आहेत. बाहेरचा एसीचा, आतला डायनामो आणि पाण्याच्या पंपाचा. डायनामोला, म्हणजे बॅटरी चार्ज करतो त्याला, आता अल्टरनेटर म्हणतात, पण माझ्या तोंडी डायनामोच येणार. बाहेरचा उतरवल्याशिवाय आतला निघत नाही, म्हणून म्हटलं दोन्ही बदलून टाकू.

बाहेरचा आतल्या अंगाने काचेसारखा गुळगुळीत झाला होता. ओरडत होता तो हाच. आतल्याने कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि तो काढून उलटा वाकवला तर आतल्या चार धारांपैकी (पट्ट्याच्या लांबीभर असतात त्या उंच रेघा) एक वीतभर सोलून गेलेली, उरलेल्या तिघींवर आडव्या भेगा. एसीचा तुटला असता तर घामाघूम होऊन का होईना, घरी आलो असतो. हा तुटता तर बॅटरीचा लाल दिवा लागला असता, पाणी फिरायचं थांबलं असतं, इंजिनच्या तापमानाचा काटा चढत गेला असता. तरीही कुणीतरी "एवढा घाट संपू दे" म्हणत गाडी रेटली असती आणि इंजिनचं हेड गॅस्केट (आतलं सील) उडवलं असतं. कुणीतरी म्हणजे मीच.

जुन्या पट्ट्यावरचा नंबर घासून गेला होता, म्हणून दोन्ही पिशवीत घालून पोवई नाक्याला गेलो. दुकानदाराने पाच धारांचा काढला, म्हणाला, "बसतोय काका." चार खाचांच्या पुलीवर कसा बसेल? तू घेशील तेव्हा बघून घे: 4 पीके 855 असं काही लिहिलेलं असतं. पीकेच्या आधीचा आकडा धारांचा, नंतरचा लांबीचा, मिलिमीटरमध्ये.

बसवणं सोपं, ताण देणं अवघड. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून डायनामो बाहेर ओढायचा, पण त्याचं अंग ॲल्युमिनियमचं, भलतीकडे जोर दिला तर तडकतं. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबलं की पट्टा साधारण सेंटिमीटरभर आत जायला हवा. पहिल्यांदा मी तारेसारखा ताणला होता. तसा ठेवला तर डायनामोचं आणि पंपाचं बेअरिंग खातो. सैल करून परत लावला. आई टॉर्च धरून उभी होती. म्हणाली, "अहो, ही एक रेघ बाहेर लोंबतेय." खरंच, खालच्या पुलीवर एक धार खाचेबाहेर. चालू केली असती तर नवा पट्टा तासाभरात गेला असता. बोटांची सालटी निघाली तिसऱ्या खेपेला.

शनिवारी येऊन गाडी घेऊन जा. चारशे-पाचशे किलोमीटर झाले की ताण एकदा बघ, नवा पट्टा जरा सैलावतो. बारा आणि चौदाचे पाने डिकीत आहेत. झाकणाच्या आत टायमिंगचा पट्टा आहे, त्याला मात्र हात लावू नकोस, तो मिस्त्रीचंच काम. केकाटलं तर फोन कर, दव म्हणणार नाही.

सोललेला पट्टा कागदात गुंडाळून डिकीत ठेवलाय, स्वतः वाकवून बघ. कंदी पेढे पुढच्या सीटवर ठेवणार आहे, डिकीत नको, रबराचा वास लागतो.

तुझा,
बाबा