हिशेबाचं सॉफ्टवेअर करताना आधी दिवाणजींना विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका व्यापाऱ्याचं पत्र होतं, सॉफ्टवेअर करून घेतलं, पैसे गेले आणि हिशेब परत वहीवरच आला म्हणून. वाचून वाईट वाटलं, कारण मी सांगलीत गेली बारा वर्षं हेच काम करतोय आणि यात चूक बहुतेक वेळा कोडिंगची नसते, ती त्याच्या आधीच झालेली असते, नेमकं काय पाहिजे हे विचारताना.

माझाच अनुभव सांगतो. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचं काम आमच्याकडे आलं. मालकांबरोबर केबिनमध्ये दोन मीटिंग झाल्या, ते म्हणाले आपली खरेदी-विक्री, शेतकऱ्याकडनं माल येतो, व्यापाऱ्याला जातो, बिल निघालं पाहिजे, स्टॉक दिसला पाहिजे. आम्ही लिहून काढलं, सही घेतली आणि तीन महिने खपून बनवलं. सौद्याच्या, म्हणजे मालाच्या लिलावाच्या, पहिल्याच दिवशी दुकानाचा हिशेब लिहिणारे दिवाणजी स्क्रीनकडं बघून म्हणाले, "अहो, ही हळद आपली खरेदी कधी झाली? माल शेतकऱ्याचा, आपली फक्त अडत."

आम्ही आलेलं प्रत्येक पोतं दुकानाची खरेदी धरलेलं, त्यामुळं स्टॉक फुगला, उलाढाल फुगली आणि मालकाची खरी कमाई असलेली अडत, म्हणजे माल विकून दिल्याचं कमिशन, 'इतर उत्पन्न' म्हणून कोपऱ्यात पडली. मालकांचं काही चुकलं नव्हतं, अडत दुकानात बोलताना सगळेच खरेदी-विक्री म्हणतात. सौदा होईपर्यंत माल कुणाचा, हा एक प्रश्न आम्ही विचारला नाही.

मग मी चार दिवस दिवाणजींच्या शेजारी जाऊन बसलो आणि पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला त्याच्या मालाचे किती पैसे मिळणार याची हिशेबाची चिठ्ठी, कशी होते ते बघितलं. वजनातनं बारदान वजा, मग भाव, मग हमाली-तोलाई कापायची आणि शेवटी उचल, म्हणजे शेतकऱ्यानं लागणीला नाहीतर घरच्या अडचणीला आधी नेलेले पैसे. आमचं सॉफ्टवेअर सगळी उचल एका दमात कापायचं, दिवाणजी मात्र समोरच्याला विचारायचे, "अण्णा, यंदा किती वळते करू?" मग कुणाचे निम्मे, कुणाचे अजिबात नाहीत, पुढच्या पट्टीत बघू. त्यात परत पट्टी वडिलांच्या नावावर आणि उचल पोरानं नेलेली, ही खाती जोडायची कशी हे फक्त दिवाणजींच्या डोक्यात. आमच्या साठ पानी डॉक्युमेंटमध्ये यातलं अक्षर नव्हतं.

दुसरं एक सिमेंट-लोखंडाचं दुकान. सिमेंटला जीएसटी किती विचारलं, 28 टक्के सांगितलं, आम्ही मालाच्या नावापुढं 28 टाकून मोकळे. 22 सप्टेंबर 2025 ला तो 18 झाला, दुकानदारानं आकडा बदलला, आणि नंतर एका कंत्राटदारानं ऑगस्टमध्ये नेलेली पोती परत आणली तर क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करायची चिठ्ठी, 18 नं निघाली. मूळ बिल 28 चं आहे म्हटल्यावर क्रेडिट नोटही 28 नंच पाहिजे. दर तारखेनुसार ठेवायला लागतो हे दुकानदारानं सांगायची वाट बघायची नसते, ते आम्हीच विचारायला पाहिजे होतं, दर बदलला तर काय, माल परत आला तर काय, बिल चुकलं तर काय. नीट चाललेला दिवस कुणीही सांगतो हो, हिशेब अडतो तो बिघडलेल्या दिवशी.

आणि काही मागण्यांना नाही म्हणायला लागतं, हे मी कळकळीनं सांगतो. जुनं बिल गुपचूप बदलता आलं पाहिजे असं बरेचजण म्हणतात. गिऱ्हाईक प्रायव्हेट लिमिटेड असेल तर 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक बदलाची तारखेसकट नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये असा कंपनी कायद्याचा नियमच आहे. गिऱ्हाईक जाईल म्हणून मान डोलवली तर पुढं ऑडिटच्या वेळी तेच अडचणीत येणार.

म्हणून यार्डातल्या आणि बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांना माझी विनंती आहे, सॉफ्टवेअरवाला आला की त्याला केबिनमध्ये बसवू नका, ऐन सौद्याच्या दिवशी दिवाणजींच्या शेजारी बसवा. मागच्या वर्षीच्या खाडाखोड केलेल्या पट्ट्या, परत आलेली बिलं, न जुळलेली खाती त्याच्यापुढं टाका आणि सीएंनाही एकदा बोलवा. आणि बनवून झाल्यावर एका जुन्या महिन्याचा हिशेब त्यात पूर्ण घालून वहीशी पैशा-पैशाला जुळला तरच शेवटचा हप्ता द्या. आम्ही आता करारातच तसं लिहितो.

आपला,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, सांगली