गाडीवाले भैया, तुमचे चाळीस रुपये आमच्याकडे आहेत

नमस्कार भैया,

पत्र मराठीत लिहून राहिले आहे, तुम्हाला वाचता येईल की नाही माहीत नाही, पण आई म्हणाली आभार मानायचे तर आपल्या भाषेत मान, हिंदीत लिहिलंस की बँकेची नोटीस वाटते. तेव्हा इंदूरच्या लोकमान्य नगरकडचं कुणी मराठी ओळखीचं असेल तर वाचून घ्या. तुमचं नाव वर लिहायला पाहिजे होतं. पण 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तुमच्या कचरागाडीवरून, तुमच्या हातून आलेलं सामान दोन महिने खाल्लं आणि नाव एकदाही विचारलं नाही, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, चेहरा तरी कुठे धड पाहिला, आवाज तेवढा ओळखते. फोनमध्ये अजून "गाडीवाले भैया" म्हणूनच सेव्ह आहात आणि तो नंबर आता लागत नाही.

22 मार्चला संध्याकाळी लोक थाळ्या वाजवत राजवाड्यावर जमले होते ना, तेव्हा बाबा टीव्हीसमोर डोक्याला हात लावून बसले होते. मग 25 ला पाडवा आणि त्याच दिवसापासून लॉकडाऊन. गाठी आणायची राहिली होती, आईने डब्यात सापडलेले बत्ताशे दोऱ्यात ओवायचा प्रयत्न केला, निम्मे फुटले, उरलेल्यांची माळ गुढीला घातली. त्याच सुमाराला इंदूरमध्ये पेशंट निघायला लागले आणि मार्च संपता संपता तर किराणा, भाजी सगळंच बंद. पुण्याहून भाऊ रोज सांगायचा, अगं ऑनलाइन मागव ना. अरे बाबा कुठून मागवू? व्हॉट्सॅपवर एक कसला तरी नंबर फिरत होता, तो लावून लावून अंगठा दुखला, लागला नाही तो नाहीच. घरात पीठ दोन दिवसांचं, बाबांची शुगर, आणि आई म्हणते भात करते, ज्यांना भात चालत नाही त्यांच्यासाठी!

शहर बंद होतं पण तुमची गाडी एक दिवस बंद नव्हती. तेच गाणं, तीच वेळ. आणि मग कळलं की नगर निगमने किराण्याची सोय गाडीवरच लावली आहे, सामानाची चिठ्ठी लिहायची, खाली नाव, घर नंबर, मोबाइल, आणि सकाळी गाडीवर द्यायची, चिठ्ठी वार्डातल्या ठरलेल्या दुकानात जाणार आणि एक-दोन दिवसांत सामान दारात. मला पहिल्यांदा हसूच आलं होतं, खोटं कशाला बोलू. नंतर वाटलं की 85 वार्डांतल्या गल्ल्या आणि त्यातली दारं रोजच्या रोज दुसरं कोण पाहतं? तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकू आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत होतं, त्यांची चिठ्ठी तुम्ही वर जाऊन आणायचात.

आईची पहिली चिठ्ठी तर तुम्हाला आठवतच असेल. दुपारी तुमचा फोन, "माताजी, ये भगर क्या होता है, दुकानवाला पूछ रहा है." पन्नास वर्षं मारोठिया बाजारातून भगर "मोरधन" म्हणून मागून आणणारी बाई, पण त्या दिवशी घाबरून सगळं माहेरच्या मराठीत लिहून बसली, भगर, मोहरी, आमसूल, डाळं. मोरधन आलं, राई आली, आमसुलाच्या जागी चिंच आली आणि डाळं म्हणून आली तुरीची डाळ, दोन किलो. दुकानदाराची चूक, पण शिव्या तुम्ही खाल्ल्यात, माझ्याकडूनच. त्याबद्दल सॉरी. पुढच्या वेळेपासून तुम्ही गेटवरच चिठ्ठी वाचून दाखवायचात, "माताजी, डालं मतलब भुने चने वाली ना?"

आणि एक गोष्ट आभाराच्या पत्रात लिहायची की नाही ते ठरत नव्हतं. तुम्हाला पैसे द्यायचे तर आम्ही केर भरायच्या सुपलीत ठेवून पुढे सरकवायचो. सुपली नवी होती, पण सुपलीच ना. तुम्ही काही बोलला नाहीत, नोटा उचलल्या, मोजल्या, हसलात बहुतेक, डोळ्यांवरून तसं वाटलं. तुमची पिशवी आत घेऊन मी तिच्यावर सॅनिटायझर मारायची तेव्हा तुम्ही अजून गेटवरच असायचात. सगळे तेच करत होते हे खरं आहे, पण बाकी कोणी दारात येऊन पीठ देत नव्हतं, तुम्ही देत होतात, आमचा ओला-सुका कचरा त्याच फेरीत उचलून.

चाळीस रुपये तेव्हाचेच. मे महिन्यातली शेवटची चिठ्ठी, बिल 640, आईकडे सहाशे सुट्टे आणि वर एक दोन हजाराची नोट. तुम्ही म्हणालात राहू द्या, दुकानात मी देतो. दिलेतही. मग दुकानं उघडली, गाडी रोज येत होती, आणि रोज आमचं कुणाचं तरी राहून जायचं. ऑगस्टमध्ये इंदूर चौथ्यांदा स्वच्छतेत पहिलं आलं त्या सकाळी आईने तुमच्यासाठी शिरा केला, आणि मग आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून विचार करत बसलो की घरचं केलेलं द्यावं का, तुम्ही घ्याल का, या दिवसांत बरं दिसतं का, तोवर गाडी कोपऱ्यावरून वळली पण. शिरा आम्हीच खाल्ला.

सप्टेंबरमध्ये बाबा पॉझिटिव्ह निघाले. आमचा कचरा वेगळ्या पिवळ्या पिशवीत, न्यायला माणसं वेगळी, शेजारच्यांनी आमच्या बाजूची खिडकी लावून घेतलेली (आता येतात-जातात, जाऊ दे). तुम्ही मात्र रोज गेटसमोर गाडी हळू करून ओरडायचात, "बाबूजी कैसे हैं?" आणि बाबा आतून, दम लागलेला असला तरी, "फर्स्ट क्लास!" तो दिवसातला त्यांचा सगळ्यात मोठा आवाज असायचा. ते बरे होऊन गॅलरीत बसायला लागले तेव्हा गाडीवर दुसराच मुलगा होता, म्हणाला त्यांची ड्युटी बदलली.

ज्यांनी वर बसून ही सोय ठरवली त्यांचेही आभार, निगमच्या झोनवाल्यांचे, सफाईवर देखरेख करणाऱ्या दरोगा साहेबांचे, आणि जलूदहून सत्तर किलोमीटरवरून नर्मदेचं पाणी त्या दिवसांतही नळाला सोडणाऱ्यांचे. पण त्यांच्याकडे आमची उधारी नाही.

आईने दोन वीसच्या नोटा देवघरातल्या हळदीकुंकवाच्या डबीखाली ठेवल्या आहेत, तुमच्या नावाने, म्हणजे "गाडीवाले भैया" या नावाने. दिवाळीत साफसफाई झाली की परत तिथेच जातात. हल्लीच्या गाडीवरच्या मुलाला सांगून ठेवलंय, तुम्ही कोणत्या वार्डात आहात ते त्याच्याजवळ कळवा, मी येऊन जाते, किंवा तुम्हीच या. आठच्या आत आलात तर बाबा गॅलरीत असतात. आणि येताना नाव सांगा.